व्हिएन्नाला कॉन्फरन्ससाठी जाताय? मग तिथल्या मेट्रो-ट्रामचा हा रिव्ह्यू वाचून जा

सरळ मुद्द्यावर येते. व्हिएन्नाची पब्लिक ट्रान्सपोर्ट, म्हणजे वीनर लिनियन या तिथल्या शहर-वाहतूक कंपनीच्या मेट्रो, ट्राम आणि बस, ही मी आजवर परदेशात वापरलेली सगळ्यात भरवशाची सर्व्हिस आहे आणि कॉन्फरन्सला आलेल्या माणसाने तिथे टॅक्सीच्या नादी लागूच नये असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी ईजीयूचे, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या भूशास्त्राच्या मोठ्या कॉन्फरन्सचे, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचे सारांश) अ‍ॅक्सेप्ट झाले की आमच्याकडची पीएचडीची पोरं-पोरी विचारायला येतात, मॅडम हॉटेल कुठे घेऊ, मॅडम एअरपोर्टवरून कसं जाऊ, मॅडम कार्ड चालतं का, खायचं काय, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून टाकावं म्हटलं. यातलं बरंचसं ईजीयू सोडून दुसऱ्या कॉन्फरन्सला जाणाऱ्यांनाही चालेल, कारण व्हिएन्नातल्या मोठ्या कॉन्फरन्स बऱ्याचदा एकाच जागी होतात, ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्ना, डॉक्टर लोकांची ती मोठी रेडिओलॉजीची काँग्रेससुद्धा तिथेच असते.

हे सेंटर जुन्या शहरात नाही, डॅन्यूबच्या पलीकडे आहे, संयुक्त राष्ट्रांच्या त्या गोलसर उंच इमारतींना लागूनच. स्टेशनचं नाव कायझरम्यूलन व्हीआयसी, लाइन यू१, नकाशावर लाल रंगाची. एवढं एक डोक्यात पक्कं बसवा आणि मग हॉटेल शोधायला घ्या. लोक काय करतात, बुकिंगच्या साइटवर "सिटी सेंटरपासून अंतर" बघतात आणि राजवाड्याजवळचं महागडं हॉटेल घेऊन बसतात, नाहीतर स्वस्त मिळालं म्हणून कुठेतरी पश्चिमेला टोकाला जाऊन राहतात आणि मग रोज सकाळी साडेआठच्या सेशनसाठी दोन-दोन गाड्या बदलत धावतात. अंतराकडे बघूच नका, यू१ चं स्टेशन चालत किती मिनिटांवर आहे तेवढंच बघा. प्राटरश्टेर्न, फोरगार्टनश्ट्रासे, नेस्ट्रॉयप्लाट्झ हे पट्टे मला सगळ्यात सोयीचे वाटतात, शहरही जवळ आणि व्हेन्यूही जवळ. दुसऱ्या बाजूला काग्रानला राहिलात तर व्हेन्यू दोनच स्टेशनं आणि डोनाउ त्सेंट्रुम नावाचा मोठा मॉल हाताशी, पण संध्याकाळी जरा सुनंसुनं वाटतं. शहराच्या अगदी मध्यात, श्टेफान्सप्लाट्झला, राहिलात तरी सहावं स्टेशन, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, फक्त खिशाला चाट बसते. ईजीयूला जगभरातून वीस हजाराच्या आसपास माणूस येतो, त्या आठवड्यात हॉटेलांचे रेट कुठल्या कुठे जातात, त्यामुळे फ्री कॅन्सलेशन असलेली रूम अ‍ॅबस्ट्रॅक्ट टाकतानाच अडवून ठेवा, व्हिसाचं पुढे बघू.

व्हिसाचं पटकन सांगते, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ऑस्ट्रियासकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले असतात पण एखाद्या केसमध्ये पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतं. फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा हवा. पण खरी अडचण व्हायची ती अपॉइंटमेंटची, मार्चमध्ये सगळ्यांना युरोपलाच जायचं असतं, म्हणून जानेवारीतच स्लॉट धरा. आणि आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवताना पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मधल्या नावासकट द्या, आपल्याकडे तीन नावं असतात आणि रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये आपण दोनच टाकतो, मग कागदांचा मेळ बसत नाही.

आता एअरपोर्ट. बाहेर आलात की हिरव्या रंगाच्या पाट्या दिसतील, सिटी एअरपोर्ट ट्रेन, सोळा मिनिटांत वीन मिटे स्टेशन, नॉनस्टॉप. गाडी चांगली आहे, पण साध्या ट्रेनपेक्षा कितीतरी महाग आहे आणि ती तुम्हाला यू१ वर सोडत नाही, पुढे बॅगा घेऊन बदलाबदल आलीच. माझा सल्ला, सरकारी रेल्वेच्या, म्हणजे ओबीबीच्या रेलजेट नावाच्या जलद गाडीने हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला या. ती साधारण पंधरा मिनिटांत पोचते, तिकीट साध्या लोकलचंच चालतं, आणि हाउप्टबानहोफला खालच्या खाली चालत यू१ गाठता येते. चालायला पाचेक मिनिटं लागतात, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, फक्त पाट्या बघत लाल यू१ च्या मागे जायचं. तिथून लेओपोल्डाऊकडे जाणारी गाडी पकडली की थेट व्हेन्यूचं स्टेशन. दुसरा पर्याय एस७ लोकलचा, ती दर अर्ध्या तासाने असते आणि वीन मिटेला साधारण पंचवीस मिनिटांत जाते, पण सध्या तिथल्या लोकलच्या मुख्य मार्गाचं मोठं काम चालू आहे आणि मधले टप्पे काही काळ बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ओबीबीच्या अ‍ॅपवर बघून घ्या. टॅक्सीला चाळीसच्या वर युरो जातात. तीन-चार जण मिळून रात्री उशिरा उतरत असाल तर ठीक, एकट्याने उगाच.

इथेच एक बारीक गोम आहे आणि ती नीट समजून घ्या. एअरपोर्ट व्हिएन्ना शहराच्या झोनमध्ये येत नाही. शहराचा पास तुमच्याकडे असला तरी तो एअरपोर्टपर्यंत चालत नाही, शहराच्या हद्दीपासून एअरपोर्टपर्यंतचं वेगळं तिकीट काढावं लागतं. मशिनवर इंग्रजी भाषा असते, कार्ड चालतं, तेव्हा घाई न करता उभं राहून "माझ्याकडे व्हिएन्नाचा पास आहे" हा पर्याय शोधा आणि तेवढंच तिकीट घ्या. पास नसेल तर पूर्ण तिकीट घ्या, ते त्या प्रवासापुरतं मेट्रोतही चालतं, हाउप्टबानहोफला उतरून परत तिकीट काढायची गरज नाही.

तिथल्या मेट्रोत आपल्यासारखे गेट नाहीत, टोकन नाही, बॅग स्कॅन नाही, बाई-माणसांच्या वेगळ्या रांगा नाहीत. तुम्ही सरळ चालत प्लॅटफॉर्मवर जाता. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं इथे कुणी बघतच नाही. पण जिन्याच्या तोंडाशी निळा छोटा डबा उभा असतो, त्यात कागदी तिकिटाचं टोक सरकवायचं, खटकन आवाज येतो आणि तारीख-वेळ छापून येते. तेवढं झालं की तिकीट चालू. खिशात कोरं तिकीट घेऊन बसलात तर ते तिकीट नसल्यासारखंच. काही तिकिटांवर मशिनमधूनच वेळ छापून येते, म्हणून हातात आल्यावर आधी वाचा. तपासनीस साध्या कपड्यात असतात, गाडीत चढतात आणि एकेक करून विचारतात, आणि दंड शंभर युरोच्या वर आहे, पाहुणा आहे, कळलं नाही, हे कारण चालत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण माणसावर विश्वास टाकून सगळं शहर चालतंय, आणि त्या विश्वासाला आपल्यातल्या कुणी बट्टा लावू नये असं वाटतं, म्हणून हा परिच्छेद एवढा लांब लिहिला.

ट्राममध्ये चढायच्या आधी तिकीट काढून ठेवा, ड्रायव्हरकडे मिळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे वीनमोबील अ‍ॅप, त्यावर घेतलेल्या तिकिटाला त्या निळ्या डब्यात सरकवायची भानगडच नाही, पण ते नावावर असतं म्हणून आयडी जवळ ठेवा आणि फोनला चार्जिंग ठेवा. पाच-सहा दिवस राहणार असाल तर आठवड्याचा पासच परवडतो. तो घेताना सोमवार ते सोमवार चालणारा आहे की घेतल्या वेळेपासून सात दिवस, हे स्क्रीनवर वाचून घ्या, कारण गुरुवारी उतरणाऱ्याला या फरकाने बराच तोटा होतो. काही कॉन्फरन्सच्या रजिस्ट्रेशनमध्येच शहराचा पास धरलेला असतो, आयोजकांच्या मेलमध्ये तो खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेला असतो, आधी ते बघा आणि मगच पैसे खर्च करा.

दरांबद्दल थोडी नाराजी आहे. व्हिएन्नाचा वार्षिक पास २०१२ पासून ३६५ युरोला होता, दिवसाला एक युरो, जगभर त्याचं कौतुक झालं, २०२५ संपेपर्यंत तो तसाच ठेवला. जानेवारी २०२६ पासून सगळेच दर वाढलेत आणि एकेरी तिकीट तीन युरोच्या घरात गेलंय. जुन्या ब्लॉगमधले २.४० युरोचे आकडे बघून बजेट काढू नका. तरीसुद्धा मिळणाऱ्या सेवेच्या मानाने मला ते महाग वाटत नाही. दिवसा तीन ते पाच मिनिटांना मेट्रो, बोर्डावर दाखवलेली मिनिटं खरी निघतात, आणि शुक्रवारी-शनिवारी रात्रभर चालू असते, २०१० पासून हे सुरू आहे. कॉन्फरन्स डिनर आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर मात्र साडेबाराच्या आसपास शेवटची गाडी धरा, त्यानंतर रात्रीच्या बस असतात, नंबराच्या आधी एन लिहिलेल्या.

डब्यातल्या दोन-तीन गोष्टी. दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघत उभं राहू नका. नव्या गाड्यांना बटण असतं, काही जुन्या डब्यांना हँडल असतं ते चांगलं जोर लावून बाजूला ओढावं लागतं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, चार जण गप्पा मारत आडवे उभे राहिलात की मागचे लोक ओरडत नाहीत पण फार अवघडल्यासारखे होतात. उणी बाजू सांगायची तर सगळ्या डब्यांना एसी नाही, जून-जुलैच्या कॉन्फरन्सला दुपारी त्रास होतो. आणि सकाळी सेशनच्या आधी यू१ खच्चून भरते, पोस्टरची लांब नळी घेऊन त्या गर्दीत शिरणं नको वाटतं, म्हणून पोस्टर कापडावर छापून घ्या, पुण्या-मुंबईत कुठल्याही फ्लेक्सवाल्या चांगल्या दुकानात होतं, घडी घालून केबिन बॅगेत मावतं. ईजीयूला पोस्टर लावायचा बोर्ड आडवा असतो, १९७ बाय १०० सेंटिमीटर. आपल्याकडे सवयीने उभं पोस्टर छापतात आणि मग ते बोर्डाच्या खाली लोंबतं.

फोरगार्टनश्ट्रासे सुटल्यावर गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि पुलाखालच्या मजल्यावरून डॅन्यूब ओलांडते, वरून मोटारी, खालून मेट्रो. हा राइक्सब्र्यूके. जुना पूल १ ऑगस्ट १९७६ ला पहाटे कोसळला होता, आत्ताचा १९८० मध्ये झाला. मधलं स्टेशन डोनाउइन्सेल, म्हणजे एकवीस किलोमीटर लांबीचं माणसाने बनवलेलं बेट, पुराचं पाणी वळवायला दुसरा कालवा खणला आणि त्यातून निघालेल्या मातीतून हे बेट उभं राहिलं. आपण भूशास्त्रवाले, नदीवाले लोक, आपल्याला तर हे बघायलाच हवं. सेशनमधून तासभर मोकळीक मिळाली की एक स्टेशन मागे या आणि काठाने चाला. नाहीतर व्हेन्यूच्या मागेच डोनाउपार्क आहे, १९६४ च्या बागप्रदर्शनासाठी केलेला, २५२ मीटर उंचीचा डोनाउटुर्म मनोरा तिथेच. आणि शेजारी यूएनच्या इमारतींची गाइडेड टूर असते, तिला पासपोर्ट लागतो, हॉटेलात ठेवून येऊ नका.

खाण्याचं. व्हिएन्नात नळाचं पाणी डोळे झाकून प्या. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी दोन लांबलचक जलवाहिन्यांतून शहरात येतं, पहिली १८७३ ची, दुसरी १९१० ची, आणि चव अशी की बाटलीतलं पाणी विकत घ्यावंसंच वाटत नाही. रिकामी बाटली घेऊन जा. शाकाहारी लोकांनी तीन-चार गोष्टी लक्षात ठेवाव्या. केझेक्रायनर नावात चीज आहे पण ते मांसाचं सॉसेज आहे. फ्रिटाटनझुप्पे दिसायला धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं निवळ सूप, पण ते बीफच्या पाण्यात करतात. मेनूकार्डवर पदार्थापुढे इंग्रजी अक्षरं दिसतात, ती अ‍ॅलर्जीची खूण असते, ए म्हणजे गहू वगैरे, सी म्हणजे अंडं, डी मासे, जी दूध. अंडं न खाणाऱ्यांना हे फार कामाचं, कारण तिथल्या बऱ्याच पिठाच्या पदार्थांत अंडं असतं. मांसाची खूण मात्र या अक्षरांत नसते, ते तोंडी विचारायचंच. भारतीय पद्धतीचं जेवण हवं झालं तर शोटनटोर स्टेशनजवळ वीनर डीवान नावाचं रेस्टॉरंट आहे, पाकिस्तानी घरगुती चवीचं, बुफे, शाकाहारी भाज्या-डाळी असतात आणि पैसे तुम्हाला योग्य वाटतील तेवढे द्यायचे. विद्यार्थ्यांनी तिथे कमी द्यावे, पगारदारांनी हात सैल सोडावा. किराणा, मसाले, रेडी टू ईट वगैरेसाठी शहराच्या सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वॉर्डात, प्रोसी नावाचं दुकान आहे, यू६ च्या बुर्गगासे स्टेशनवरून चालत.

रविवारी दुकानं बंद. म्हणजे खरोखर बंद, मॉल, सुपरमार्केट, सगळं. कॉन्फरन्स सोमवारी सुरू होते म्हणून आपण रविवारी पोचतो आणि नेमकं तेव्हाच दूध-ब्रेड मिळत नाही. प्राटरश्टेर्न, वीन मिटे, हाउप्टबानहोफ या मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केट रविवारी उघडी असतात, रांग असते पण मिळतं सगळं. म्हणून पण यू१ बरी.

घरून काय न्यावं? भडंग, चिवडा, भाकरवडी, चिक्की, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, खुशाल न्या. पण पेढे, तूप, श्रीखंड वडी, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही. आणि एप्रिल महिना, तिकडच्या प्रोफेसरांना हापूसची पेटी द्यावी असं मनात येतंच, तेही चालत नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून नियम कडक झालाय, केळी, नारळ, अननस, खजूर, दुरियन एवढीच फळं सर्टिफिकेटशिवाय चालतात. कढीपत्तासुद्धा नाही. भेट म्हणून काजूच्या साध्या भाजलेल्या पाकिटाने किंवा पैठणीच्या कापडाच्या छोट्या पर्सने लोक खूप खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये जातो, लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा जात नाही, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण छोट्या कॅफेत आणि हातगाड्यांवर रोख मागतात, पन्नासेक युरो सुट्टे ठेवा, सार्वजनिक टॉयलेटला पन्नास सेंटचं नाणंही लागतं. टिप टेबलावर ठेवून उठायची पद्धत नाही, बिल देतानाच वेटरला टिप धरून गोल आकडा सांगायचा, बिल १८.४० झालं तर "वीस" म्हणायचं. इमर्जन्सीला ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १४४.

परतताना व्हेन्यूवरून ओबरलाकडे जाणारी यू१ धरा आणि हाउप्टबानहोफला उतरा. शेवटच्या दिवशी बॅगा ओढत सेशनला जायची गरज नाही, हाउप्टबानहोफला लॉकर आहेत, सकाळी ठेवा आणि संध्याकाळी उचला. प्रत्येक रेलजेट एअरपोर्टला जात नाही, बोर्डावर फ्लूगहाफेन वीन, म्हणजे व्हिएन्ना एअरपोर्ट, लिहिलेलीच बघून चढा. आणि एका दुकानात एकाच वेळी ७५ युरोच्या वर खरेदी केली असेल तर टॅक्स परत मिळतो, दुकानातून फॉर्म भरून घ्या आणि बॅग चेक-इन करायच्या आधी एअरपोर्टवर कस्टम्सकडून त्यावर शिक्का घ्या, वस्तू दाखवायला सांगतात, म्हणून त्या वरच्या बाजूला ठेवा.